बाणेरच्या टेरेस फ्लॅटचं काम: साईटवरच्या नोंदी, मार्च ते जून २०२५

३ मार्च

साईट बघितली. बाणेर, बारावा मजला, चार बीएचके, बिल्डिंग २०१२ची, हॉलला लागून प्रायव्हेट टेरेस. टेप लावली तर १७ मीटर बाय ६, म्हणजे ११०० स्क्वेअर फुटाच्या आसपास. समोर टेकडी, मागे हायवेचा आवाज, वारा असा की ड्रॉइंगचा कागद हातात ठरत नाही. काका-काकूंनी रीसेलमध्ये घेतलाय. काका म्हणाले रेरात ओपन टेरेस कार्पेट एरियात धरत नाहीत असं ऐकून होतो, पण पैसे घेताना बरोबर धरलं सगळ्यांनी.

यादी अशी. न्यू जर्सीच्या मुलाला जकुझी पाहिजे. काकांना हिरवळ, सकाळी अनवाणी चालायला. काकूंना तुळशी वृंदावन, कढीपत्ता, गवती चहा. आर्किटेक्ट सरांना हॉल आणि टेरेस एका लेव्हलला पाहिजे, मधे सरकती काचेची दारं, वर काचेचं छप्पर असलेला पर्गोला, म्हणजे खांबांवर आडव्या पट्ट्यांचा मांडव. सगळ्यांनी आपापलं सांगून झाल्यावर मी म्हटलं आधी खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन येऊ.

अकराव्या मजल्यावर बेडरूमच्या सिलिंगला पोपडे निघालेत, पंख्याच्या हुकाभोवती पांढरा खार, कपाटाच्या मागे काळी बुरशी. खालचे काका शांत माणूस पण दर पावसाळ्याचे फोटो त्यांनी तारखेसकट ठेवलेत. आपलं टेरेस हे त्यांचं छत आहे हे वरच्या मजल्यावर कोणी बोलतच नव्हतं. टेरेस प्रायव्हेट म्हणजे दुरुस्तीचा खर्च मालकाचा की स्लॅब सोसायटीचा म्हणून सोसायटीचा, यावर कमिटीत आधीच दोन तट पडलेत. मी त्यात पडणार नाही, काका करतो म्हणाले तेवढं पुरे.

७ मार्च

आरसीसी कन्सल्टंटकडे, म्हणजे स्लॅब-बीमचा हिशोब करणाऱ्यांकडे बसलो. मुलगा व्हिडिओ कॉलवर. आकडे समोर ठेवले की वाद कमी होतात त्यामुळे सरळ हिशोबच केला. जकुझी दोन बाय दोन मीटर, पाणी १२०० लिटर, टब ३०० किलो, पाच माणसं बसली तर अजून साडेतीनशे. झाले साडेअठराशे किलो, चार चौरस मीटरवर म्हणजे मीटरला ४६० किलो. आणि माणसांचा वावर असलेल्या गच्चीला आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे लाईव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, मीटरला धरतात १५० किलो. मुलगा म्हणाला तिकडे सगळ्यांकडे असते. तिकडे बहुतेक जमिनीवर असते, कन्सल्टंट म्हणाले, आणि पुढचा मुद्दा काढला.

हिरवळीचंही तेच. एक फूट ओली माती म्हणजे मीटरला पाचशे किलोच्या वर. लोकांना माती हलकी वाटते कारण ती कोरडी असताना बघतात.

पण एक चांगली गोष्ट निघाली. स्लॅबवर आत्ता बिल्डरचा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि माल यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) सरासरी साडेचार इंच आणि त्यावर आधीच्या मालकाने दोन इंच माल टाकून बसवलेली लादी, दोन्ही मिळून मीटरला सव्वातीनशे किलो नुसतं पडून आहे. ते सगळं काढलं आणि पातळ सिस्टिम केली तर सव्वादोनशेत बसतं. म्हणजे शंभरेक किलो सुटले, कुंड्यांचं आणि थोड्या हिरवळीचं वजन त्यातून काढायचं. कन्सल्टंटनी बीमच्या रेषा ड्रॉइंगवर लाल केल्या, जड काय असेल ते याच रेषांवर.

पर्गोला: काचेचं छप्पर टाकलं की ते बांधकाम झालं, एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम चालतं त्याचा हिशोब) आला, महापालिकेची परवानगी आली. नुसत्या उघड्या पट्ट्या ठेवायच्या ठरलं. आर्किटेक्ट सर नाराज, पण त्यांनाही माहिती होतंच की.

१२ मार्च

सोसायटीचं पत्र मिळालं. तोडफोड सकाळी १० ते १ आणि दुपारी ३ ते ६, रविवारी बंद, राडारोडा फक्त सर्व्हिस लिफ्टने आणि लिफ्टला आतून प्लाय मारून. हिशोबाने ३३ टन निघणार, तीस किलोच्या गोण्या धरल्या तरी हजाराच्या वर जातात. मुकादमाला विचारलं माणसं किती, तो म्हणाला मॅडम परवा धुळवड आहे, त्यानंतर विचारा.

१८ मार्च

तोडायला घेतलं. लादी सहज सुटली, कोबा नाही. एका कोपऱ्यातून ब्रेकरने तळापर्यंत गेलो तर खालच्या विटांचे तुकडे ओले. नुसते दमट नाहीत, हातात दाबले की बोटं लाल होतायत आणि तळ्याच्या काठाला येतो तसला वास. मार्च महिना आहे, शेवटचा पाऊस कधीचा होऊन गेला, वरची लादी तापून चटके देतेय आणि सहा इंच खाली अजून पाणी. कोब्याचं हेच असतं, वरची फिनिश फुटली की विटा पाणी पितात आणि सोडत नाहीत, मग ते वर्षभर जिथे वाट मिळेल तिथून खाली झिरपत बसतं. म्हणून खालच्या काकांच्या फोटोत जानेवारीतसुद्धा डाग दिसतो. आधीच्या मालकाने गळतीवर उपाय म्हणून वरून लादी टाकली होती, त्याने वाफ निघायची वाटपण बंद.

कोबा वाईट असं नाही म्हणणार मी. नीट केलेला, सात दिवस पाणी मारलेला, दर पाच वर्षांनी बघितलेला कोबा वीस वर्षं जातो. इथे तो कोणी बघितलाच नाही कारण तो लादीखाली गेला.

दुपारी आले तर मुकादमाने गोण्या एकाच कोपऱ्यात पुरुषभर उंच रचलेल्या. लगेच पसरायला लावल्या, बीमच्या कडेने एक थर. लिफ्ट एक वाजता बंद होते म्हणून साठल्या म्हणाला. खरंय त्याचं, पण मग तोडायचा वेग कमी करायचा, स्लॅब आपला गोडाऊन नाही.

२४ मार्च

स्लॅब पूर्ण उघडा झाला. ड्रॉइंगमध्ये पाण्याचे आऊटलेट दोन आहेत, वापरात एकच होतं. दुसरं सापडलं, लादीच्या खाली, तोंडात सिमेंटची रिकामी गोणी कोंबून वरून माल मारलेला. आधीच्या मालकाला बहुतेक तिथे सोफा ठेवायचा होता.

हिशोब सोपा आहे. टेरेस १०२ चौरस मीटर, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस पडला की १०२ लिटर. तासाला ५० मिलिमीटर पडला तर पाच हजार लिटरच्या वर, टँकरचा अर्धा. नॅशनल बिल्डिंग कोडच्या तक्त्यात १०० मिलिमीटरचा पाईप तेवढ्या पावसाला साधारण ८५ चौरस मीटर छताचं पाणी नेतो. एका पाईपवर हे टेरेस बसतच नाही. आणि पुण्यात आता ढगफुटीसारखा अर्धा तास पडतो तेव्हा ५० चा दर कुठच्या कुठे जातो.

चालू आऊटलेटचीपण गंमत. पाईप आणि स्लॅबच्या मधे बोटभर फट, त्यात कोणीतरी नुसता माल भरलेला, तो आकसून सुटलाय. टॉर्च मारला तर फटीतून खालच्या डक्टमधला उजेड दिसतो. बेडरूमचा डाग बरोबर या रेषेत येतो. लाखो रुपयांचं टेरेस आणि गळतंय कुठे तर या बोटभर जागेत.

३० मार्च

गुढीपाडवा, साईट बंद. काकूंनी हॉलच्या खिडकीत गुढी उभारली आणि फोटो पाठवला.

४ एप्रिल

स्लॅबच्या भेगा कापून घेतल्या, भोकं पाडून निपल (छोट्या नळ्या) बसवले, त्यातून ग्राउट, म्हणजे पातळ माल, आत भरला. दोन्ही आऊटलेट नव्याने बसवली, भोवतीची जागा नॉन-श्रिंक, म्हणजे न आकसणाऱ्या ग्राउटने भरून. कठड्याच्या एका भेगेत उंबराचं रोप निघालं, वीतभरच होतं पण मूळ हातभर आत. पक्षी आणून टाकतात, काढायला कोणी जात नाही. मूळ पूर्ण काढून औषध टाकून भरून घेतलं.

पॅरापेट मोजला, स्लॅबपासून पावणेतीन इंच कमी चार फूट, म्हणजे १.१५ मीटरच्या आसपास. आधीच्या फ्लोअरिंगमुळे तो वापरात मीटरच्या खाली आला होता. हे कोणाच्या लक्षात येत नाही, फ्लोअर वर चढलं की कठडा तेवढाच खाली येतो. वर अजून एक गोष्ट, बीमची रेषा कठड्याला लागून आहे म्हणजे कुंड्या तिथेच येणार, म्हणजे सहा वर्षांच्या नातवाला चढायला पायरी तयार. त्यामुळे कठड्यावर लॅमिनेटेड टफन्ड काचेचं रेलिंग दोन फूट, हे बजेटमध्ये नव्हतं तरी लावायचंच. काका लगेच हो म्हणाले, नातवाचं नाव काढलं की बजेट वाढतं.

९ एप्रिल

आज खरा वाद उंबऱ्यावर झाला. हॉलचं फ्लोअर टेरेसच्या स्लॅबपेक्षा १५० मिलिमीटर वर आहे, एवढ्यात सगळं बसवायचंय. उतार शंभराला एक, सहा मीटरला साठ मिलिमीटर. आऊटलेटपाशी २० ने सुरू केला तर दारापाशी ८०. त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर जिओटेक्स्टाईल (जाड कापड) आणि संरक्षणाचा ३० चा थर, झाले ११०. त्यावर पेडेस्टल २० आणि टाईल २०, बरोबर १५०. म्हणजे आर्किटेक्ट सर म्हणतात तसं सपाट जातं, कागदावर एक मिलिमीटरही उरत नाही.

पेडेस्टल म्हणजे प्लास्टिकचे स्क्रूवाले पाय, वर-खाली होतात, त्यावर दोन सेंटीमीटर जाडीची पोर्सेलिनची टाईल नुसती ठेवायची, मधे माल नाही आणि ग्राउट नाही. पाऊस फटीतून खाली जातो, उतार खालच्या थराला असतो आणि वरचं फ्लोअर एकदम लेव्हल. दारापाशी पाय २० चे आणि कठड्यापाशी ८० चे. कुठली टाईल उचलून खाली बघता येतं हा मोठा फायदा, आणि खाली हवा खेळती राहिल्याने स्लॅबही कमी तापतो, खालच्या काकांची बेडरूम एप्रिलमध्ये भट्टी असते म्हणे.

तरीपण दारात उंबरा पाहिजेच असं माझं म्हणणं. वाऱ्याने येणारा पाऊस फटीत जायची वाट बघत नाही, तो आडवा येतो. सर म्हणाले व्ह्यू तुटतो. काकूंनी एका वाक्यात मिटवलं, अहो उंबरा नाही तर मी रांगोळी कुठे काढू. अर्धा इंच काळा ग्रॅनाईट, कड गोल करून, आणि बाहेरच्या बाजूने पूर्ण दाराच्या लांबीचा जाळीचा चॅनेल. दाराची फ्रेम काढून वॉटरप्रूफिंग तिच्या खालून वर वळवायचं.

१६ एप्रिल

उताराचा थर झाला, पाणी मारणं संपलं. कठडा आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे सगळीकडे वाटा, म्हणजे मालाची गोलाई, मारून घेतला, काटकोनात कोटिंग तुटतं. गवंडी जुना माणूस आहे, दोरी आणि लेव्हल ट्यूबवर काम करतो. लेझर लावून बघितलं तर फरक दोन मिलिमीटर. लेझरवाल्या पोराने ट्यूबचा फोटो काढून ठेवला.

२१ एप्रिल

कोटिंग आज करायचं नाही. संध्याकाळी प्लास्टिकचे चौकोनी तुकडे चारी बाजूंनी टेप लावून स्लॅबवर चिकटवले होते, सकाळी बघितलं तर दोन कोरडे, आऊटलेटजवळच्या तुकड्याखाली बारीक थेंब. आत ओल आहे अजून. यावर पीयू (पॉलियुरेथेनचं वॉटरप्रूफिंग कोटिंग) मारलं तर महिन्याभरात फुगे येतील. ऊन चाळिशी पार आहे, अजून तीन-चार दिवस तापू दे. काका अस्वस्थ कारण ३० ला अक्षय्य तृतीया आणि त्यांना टेरेसवर कलशपूजा करायचीय.

२७ एप्रिल

तुकडे सगळे कोरडे. प्राइमर काल, पीयूचा पहिला हात आज पहाटे सहा ते साडेनऊ, नंतर स्लॅब एवढा तापतो की माल रोलरवरच घट्ट होतो. दुसरा हात उद्या, पहिल्याच्या आडवा. कठड्यावर एक फूट वर नेला. डबे मोजूनच दिले, मीटरला किती किलो संपला ते रोज लिहायचं. नाहीतर दोन हातांचा दीड मिलिमीटर कागदावर असतो आणि जागेवर नुसता रंग. यात चोरी करायला कोणी वाईट माणूस लागत नाही, घाई पुरते.

३० एप्रिल

पूजा हॉलमध्येच झाली. गुरुजींना टेरेसवर पाय ठेवू दिला नाही. काकूंनी कलश दारात ठेवला, शिरा पोटभर.

२ ते ५ मे

पाण्याची टेस्ट. आऊटलेट बंद करून चार इंच पाणी, दहा हजार लिटरचा टँकर बरोबर पुरला. मे महिन्यात टँकर गच्चीवर ओततायत म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर बरंच काही आलं. सेक्रेटरींना सांगितलं टेस्टनंतर हेच पाणी पाईपने खाली बागेला सोडतो, मग शांत.

भिंतीवर पेन्सिलने लेव्हलची रेघ आणि शेजारी त्याच पाण्याची बादली, तिच्यातही रेघ. उन्हात पाणी उडतंच, नुसती भिंतीची रेघ बघून गळतंय की आटतंय कळत नाही. रोज दोन्ही मोजले, दोन्हीकडे सारखंच उतरतंय, दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास. गळती नाही.

तिसऱ्या दिवशी खालून फोन, बाथरूमच्या सिलिंगला थेंब. सगळ्यांचे चेहरे पडले. पण बाथरूम टेरेसच्या खाली येतच नाही, ते वरच्या बाथरूमच्या खाली येतं. वरच्या नहाणी ट्रॅपमध्ये रंग टाकला, तासाभरात खाली रंगीत थेंब. ते वेगळं काम, वेगळं बिल, पण कळलं ते बरं झालं, नाहीतर वर्षभर टेरेसच्या नावाने खडे फोडले असते.

१३ मे

जिओटेक्स्टाईल आणि वरचा थर झाला. पेडेस्टल आले, टाईलचा टेम्पोपण आला. टाईल लिफ्टमध्ये उभ्या नेल्या तरच जातात. रेलिंगवाल्याने कठड्याच्या डोक्यावर भोकं पाडायला घेतली होती, थांबवलं. आधी कोपिंगचा दगड, त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडायची खाच, मग केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने पक्के केलेले बोल्ट. उघड्या कठड्यात भोक म्हणजे पाण्याला आमंत्रण.

२१ मे

काल संध्याकाळपासून जोरदार. हा वळीव नाही वाटत. टाईल अर्ध्याच बसल्यात, अर्ध्या पॅक. दोन्ही आऊटलेटच्या जाळ्या काढून बघितल्या, वाहतायत. टाईलच्या थप्पीखालून पाणी जातंय का ते टॉर्चने बघितलं, जातंय. लाईटवाल्याचं काम बंद ठेवलं, बाहेरचे सगळे पॉइंट आयपी ६५ चे (पाणी आत न शिरणारे) आणि ३० मिलिअँपच्या आरसीसीबीवर (करंट लीक झाला की बंद होणाऱ्या स्विचवर) असले तरी ओल्यात हात घालायचा नाही.

२६ मे

हवामान खात्याने मान्सून आल्याचं जाहीर केलं, मुंबई आणि पुणे एकाच दिवशी. एरवी जूनचा दुसरा आठवडा येतो. मुंबईत तर नव्या भुयारी मेट्रोच्या स्टेशनात पाणी शिरलं आणि कुलाब्याला मे महिन्याच्या पावसाचा १९१८ चा रेकॉर्ड मोडला. आमचं शेड्यूल १० जूनला फ्लोअर पूर्ण असं होतं, पण पेडेस्टलला माल नाही त्यामुळे उघडीप मिळाली की दोन तासही काम होतं. माल टाकून लादी बसवत असतो तर आज सगळं वाहून गेलं असतं.

खालच्या काकांचा फोटो आला, तारखेसकट. डाग तेवढाच आहे, वाढलेला नाही.

५ जून

फ्लोअर पूर्ण. दारातल्या चॅनेलने परवाच्या आडव्या पावसात काम केलं, उंब्र्याच्या आत थेंब नाही. आर्किटेक्ट सर म्हणाले ग्रॅनाईटची काळी रेघ फोटोत चांगली दिसते. बरं.

हिरवळ शेवटी दोनशे स्क्वेअर फूट, एवढीच. काकांना मधे कोणीतरी प्लास्टिकची हिरवळ सुचवली होती, सॅम्पलचा तुकडा एप्रिलमध्ये दुपारी उन्हात ठेवून त्यांना पाय ठेवायला लावला होता, विषय तिथेच संपला. खाली ड्रेन सेल (पाणी जायला प्लास्टिकचे जाळीदार चौकोन), त्यावर कापड, त्यावर पाच इंच हलकं मिश्रण, कोकोपीट, परलाईट, गांडूळखत आणि तांबडी माती अगदी कमी. ओलं करून बादलीने वजन केलं, मीटरला सव्वाशे किलोच्या आत.

१४ जून

झाडं आली. एफआरपीच्या (फायबरच्या) लांब कुंड्या बीमच्या रेषेवर. मधुमालती पर्गोल्याच्या पट्ट्यांवर चढवायची, कडेने कुंती, दाराजवळ गवती चहा आणि कढीपत्ता. नर्सरीवाल्याने केळ आणि हेलिकोनिया पाठवले होते, परत पाठवले, बाराव्या मजल्याच्या वाऱ्यात पानांच्या चिंध्या होतात. फायकस तर दारातूनच परत. वृंदावन दगडी आहे, दीडशे किलोचं, ते कन्सल्टंटच्या लाल रेषेवर. काकूंना ते मधोमध हवं होतं, बीम मधोमध नाही म्हटल्यावर म्हणाल्या बरं, पूर्वेला तोंड तरी असू दे. आहे.

ड्रिपला टायमर लावलाय, पावसाळ्यात बंद ठेवायचा.

२० जून

पालख्या पुण्यात, शहरात टेम्पो येत नाही. रेलिंगच्या शेवटच्या दोन काचा अडकल्यात. तोपर्यंत त्या बाजूला बांबूचं तात्पुरतं कुंपण आणि नातवाला तिकडे जायचं नाही अशी तंबी, जी तो ऐकत नाही.

काकांना दोन्ही आऊटलेटवरच्या टाईल कोणत्या ते दाखवलं, मागे मार्करने खूण केलीय. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी त्या दोन उचलायच्या, पानं काढायची, परत ठेवायच्या. माळ्यावर सोडायचं नाही, माळी वरून झाडतो आणि कचरा फटीतच जातो. वरून सगळं छान दिसतं त्यामुळे आतलं तुंबलेलं कळतच नाही.

खालच्या काकांना सिलिंग आत्ताच रंगवायचंय. नको म्हटलं. स्लॅबने इतकी वर्षं प्यायलेलं पाणी अजून निघतंय, आत्ता पुट्टी मारली तर दिवाळीला परत पोपडे. पोपडे खरवडून उघडं ठेवा, पंखा चालू ठेवा, ऑक्टोबरमध्ये प्लास्टिकचा तुकडा चिकटवून बघू, कोरडा निघाला तर रंग. त्या रंगाचे पैसे कोणाचे यावर कमिटीची मीटिंग रविवारी आहे. आपलं पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे बिलातली राखून ठेवलेली रक्कम, सप्टेंबरच्या शेवटापर्यंत काकांकडे राहील, ते मीच सुचवलं होतं. नहाणी ट्रॅपचं बिल मात्र आज दिलं, टँकरचं राहिलंय.